बाळंतिणीच्या उशा मोजा

धाकलीच्या बाळाचा सोळावा दिवस होता. देवगड तालुक्यातलं आमचं गाव, श्रावणातला पाऊस, वीज गेलेली. मध्यरात्री मी कंदील घेऊन बाळंतिणीच्या खोलीत डोकावले, तर ही बाजेवर बसलेली. पाठ भिंतीला, मांडीवर उशी आणि उशीवर डोकं. बाळ बाजूला गाढ झोपलेलं. मला वाटलं, आताच दूध पाजून झालं असेल.

"नाय गो ताई," ती म्हणाली. "माका निजान ऱ्हवक जमणा नाय. आडवी झालंय की जीव घुसमटता."

तीन रात्री हेच चाललं होतं. दिवसा काकीला सांगून झालं होतं, त्यावर काकीचं उत्तर तयार होतं : "बाळातपणात दम लागताच. आमका काय लागलो नाय?" रात्री खोकलाही यायचा, म्हणून जवळच्या डॉक्टरांकडून खोकल्याचं औषध आणलेलं. पाय सुजले होते, पण ते तर आठव्या महिन्यापासूनच सुजत होते. प्रत्येक गोष्टीला घरात एक उत्तर होतं. सगळ्या गोष्टी एकत्र ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या. त्यात मीही आले, आणि मी तर बारावीला जीवशास्त्र शिकवते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी नाडी हातात घेता घेता विचारलं, "किती उशा घेऊन झोपतेस?" धाकलीने आधी काकीकडे पाहिलं. मग बोटं मोजल्यासारखं सांगितलं : आठव्या महिन्यात एक, बाळंत झाल्यावर दोन, बारशाच्या सुमारास तीन, आणि आता भिंत. डॉक्टरांनी गळ्याची फुगलेली शीर पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि तिथूनच इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, फोन केला. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. त्यावर एक आकडा होता, एलव्हीईएफ २८ टक्के, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं एवढंच रक्त एका ठोक्याला बाहेर जात होतं.

आजाराचं नाव पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. 'पेरिपार्टम' म्हणजे बाळंतपणाच्या आगेमागे आणि 'कार्डिओमायोपॅथी' म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार. आधी धडधाकट असलेल्या बाईच्या हृदयाचा स्नायू गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत दुबळा होतो, आणि त्याचं दुसरं कुठलंच कारण सापडत नाही. १९७१ साली केलेल्या व्याख्येत शेवटचा महिना आणि बाळंतपणानंतरचे पाच महिने अशी मुदत घातलेली होती. पुढे २०१० मध्ये युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती सैल केली, कारण आजार काही कॅलेंडर बघून येत नाही. तरी बहुतेक बायकांना तो बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यातच गाठतो. म्हणजे नेमका कोणत्या काळात? तर जेव्हा दमणं, जागरण, सूज, उदास वाटणं हे सगळं 'चालायचंच' असतं.

उपसा

हृदयाला पंप म्हणतात ते बरोबरच आहे, पण पंप म्हटलं की डोळ्यांसमोर विहिरीवरची मोटर येते, आणि ती एक तर चालू असते नाहीतर जळालेली. हृदय तसं वागत नाही. त्यापेक्षा जुनी लाकडी होडी आठवा. कितीही डागडुजी केली तरी सांध्यांतून थोडं पाणी आत येतंच, म्हणून एक जण डबा घेऊन ते उपसत राहतो. त्याचा हात भरून आला की होडी लगेच बुडत नाही. आधी तळाशी पाणी साचायला लागतं, जाळी भिजतात, पाय भिजतात. वल्हवणाऱ्याला ते उशिरा कळतं.

हृदयाचा डावा खालचा कप्पा फुप्फुसांकडून आलेलं रक्त पुढे शरीरात ढकलतो. समजा, कप्प्यात शंभर मिलिलिटर रक्त भरलं, तर एका ठोक्याला साधारण साठ मिलिलिटर बाहेर जातं आणि बाकीचं आत राहतं. हाच तो टक्का, इजेक्शन फ्रॅक्शन. मी त्याला मनातल्या मनात उपसा म्हणते. निरोगी माणसाचा उपसा साधारण ५५ ते ७० टक्के असतो. शंभर कोणाचाच नसतो. (हे मुद्दाम लिहिते, कारण रिपोर्टवर ५५ बघून "माझं हृदय अर्धंच चालतं" म्हणून हातपाय गाळलेले दोघे तरी मला माहीत आहेत.) या आजारात तो ४५च्या खाली येतो. धाकलीचा २८ होता.

पुढे जायचं ते रक्त पुढे गेलं नाही की मागे तुंबतं. मागे फुप्फुसं आहेत. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत उतरतं, आणि तोच तो रात्रीचा खोकला. त्यावर खोकल्याचं औषध कितीही पाजा, होडीचा तळ कोरडा होणार नाही. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आणि रक्त आडवं पडलं की छातीकडे परत येतं, दुबळ्या हृदयाला ते झेपत नाही, म्हणून जीव घुसमटतो. उठून बसलं की ते परत खाली उतरतं आणि मोकळं वाटतं. माणूस न शिकवता उशा वाढवत जातो. म्हणून उशांची संख्या ही हृदयाची घरगुती तपासणीच समजा.

भार आणि विष

मग बाळंतपणातच हे का व्हावं? मला पहिल्यांदा सुचलेलं उत्तर म्हणजे भार. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाला मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त फिरवावं लागतं. बाळंत होताना गर्भाशय आवळलं की त्यातलं रक्त एकदम अंगात येतं. मोठ्या शिरेवरचा दाबही गेलेला असतो, त्यामुळे पुढचे काही दिवस हृदयाकडे लोंढाच येतो. उत्तर पटण्यासारखं आहे, पण पुरं पडत नाही. नुसत्या भाराने हृदय थकत असतं तर ते सातव्या-आठव्या महिन्यात थकायला हवं होतं, कारण गरोदरपणातला बराचसा भार तेव्हाच चढलेला असतो. आधीपासून झडपेचा आजार असलेल्या बायकांना त्रास सुरू होतो तो त्याच सुमाराला. हा आजार मात्र ओझं उतरत असताना येतो.

उत्तराचा मोठा तुकडा २००७ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांना सापडला, तोही उंदरांत. दूध आणणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. बाळंतपणाच्या सुमाराला ते भरपूर असतं आणि एरवी निरुपद्रवी असतं. पण हृदयाच्या पेशींची स्वतःला जपायची यंत्रणा अधू असेल, तर कॅथेप्सिन डी नावाचं एक विकर या प्रोलॅक्टिनचे तुकडे करतं. त्यातला एक तुकडा हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांना विषासारखा बाधतो. रक्तवाहिन्या झडल्या की स्नायू उपाशी राहतो. दूध वाईट नाही, प्रोलॅक्टिनही वाईट नाही, घात करतो तो तुटलेला तुकडा. वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

दुसरा तुकडा वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा. गरोदरपणाच्या शेवटी वार एक प्रथिन रक्तात सोडते, आणि ते नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखून धरतं. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईत आणि जुळ्यांच्या वेळी ते जास्त सुटतं. या आजाराचा धोका कोणाला जास्त, तर गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या, जुळी असलेल्या आणि तिशी ओलांडलेल्या बायकांना. एरवी नुसती पाठ करावी लागणारी ही यादी वारेचं ऐकल्यावर आपोआप लक्षात राहते. धाकली एकतिसाची होती आणि शेवटच्या महिन्यात तिचा दाब चढला होता. बाळंत झाली, दाब उतरला, आम्ही सुटलो म्हणालो.

तिसरा तुकडा घराण्याचा. टायटिन हे स्नायूतलं स्प्रिंगसारखं प्रथिन, शरीरातलं सगळ्यात मोठं. २०१६ मध्ये या आजाराच्या १७२ बायकांची जनुकं तपासली, तेव्हा सुमारे १५ टक्के बायकांत हृदयस्नायूच्या जनुकांत बिघाड निघाला, आणि त्यातला बहुतेक टायटिनचाच होता. म्हणून डॉक्टर विचारतात की घरात कोणी तरुणपणी हृदयाने गेलं का, आई-आजी बाळंतपणात गेली का. आमच्याकडे हा प्रश्न आला तेव्हा काकीला तिची एक आत्या आठवली. बाळंत झाल्यावर 'अंगात पाणी होऊन' गेलेली. ते काय होतं हे आता कोण सांगणार?

"आमच्या काळी असला काय नव्हता" हे वाक्यही त्या दिवसांत फार ऐकलं. दक्षिण भारतातल्या एका मोठ्या रुग्णालयाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला आकडा आहे, १,३७४ जिवंत जन्मांमागे एक. वर्षाला पंधरा बाळंतपणं होणाऱ्या गावात या हिशोबाने नव्वदेक वर्षांत एकच बाई निघेल. म्हातारीच्या आठवणीत तो आजार नसणारच. असला तरी त्याचं नाव बाहेरची बाधा असं काहीतरी असेल.

शेगडी, खारा बांगडा आणि झारिया

आता नाजूक विषय. आमच्या बाळंतिणीच्या खोलीत काय काय होतं ते आधी सांगते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, पावसामुळे घट्ट लावलेली खिडकी, सकाळी कढत पाण्याची आंघोळ. ताटात पेज, मेथीची भाजी, डिंकाचे नाहीतर हळिवाचे लाडू. पावसाळ्यात ताजी मासळी नसते, म्हणून तोंडाला चव यावी यासाठी पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा, उडदाचा पापड आणि खारातला आंबा. पोट बिघडू नये म्हणून आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. पाणी मात्र मोजून, कारण 'बाळंतिणीने पाणी पिऊ नये'.

उत्तर नायजेरियात झारिया नावाचं शहर आहे. तिथल्या हौसा समाजात बाळंतपणानंतरच्या हृदयविकाराचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त गणलं गेलं, सुमारे शंभर बाळंतपणांमागे एक. १९७०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी बाळंतिणींच्या घरची रीत नोंदवून ठेवली. चाळीस दिवस खालून तापवलेल्या मातीच्या बाजेवर झोपायचं, कढत पाण्याने आंघोळ करायची आणि तळ्याकाठचा खार घातलेली पेज दिवसातून कितीदा तरी प्यायची. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले. समुद्रापलीकडे, ओळख ना पाळख, आणि खोली तीच!

पुढे अभ्यासकांनी यावर वाद घातला, आणि तो योग्यच होता. त्यातल्या पुष्कळ बायकांचा स्नायू दुबळा झालेला नव्हता, मिठाने आणि पाण्याने नुसता भार वाढलेला होता आणि दाब चढलेला होता, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. शेगडीमुळे किंवा बांगड्यामुळे हा आजार होतो असं कोणी समजू नये. काकीने तर पुढे कितीतरी महिने स्वतःला दोष दिला, आणि तिचा दोष नव्हता. पण हृदय आधीच दुबळं झालेलं असेल तर मीठ आणि शेक त्याच्यावर चढून बसतात, यात शंका नाही. मीठ पाणी धरून ठेवतं. खारवलेल्या मासळीचे दोन तुकडे आणि एक पापड झाला की अख्ख्या दिवसाच्या मिठाचा कोटा तिथेच संपत येतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा कमी मीठ सांगते. शेकाने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, मग हृदयाला जास्त जोरात धावावं लागतं. आणि बंद खोलीतला धूर बाळाच्या नि आईच्या फुप्फुसांना कधीच चांगला नव्हता.

डिंकाच्या लाडवांशी माझं भांडण नाही. एवढंच की ते खाऊन अंगात ताकद येईना, उलट दम वाढतोय, तर आणखी एक लाडू हे त्याचं उत्तर नाही.

नेहमीचं कोणतं, वेगळं कोणतं

बाळंतीण दमते. पण रात्री तीन वेळा उठून पाजणारी बाई दमली की आडवी पडताक्षणी झोपते. जी आडवी पडल्यावर जागी होते, झोपेतून दचकून उठून खिडकीकडे धावते, तिचं दमणं वेगळं आहे. सूजही बाळंतपणानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत उतरणीला लागते. ती चढत असेल, पोटरीवर बोटाने दाबलं की खळगा तसाच राहत असेल, बाळंत होऊनही वजन उतरण्याऐवजी वाढत असेल, तर थांबू नये. काल माजघरातून पडवीपर्यंत आलेली बाई आज मध्येच खांबाला धरून उभी राहते का, बोलताना वाक्य तुटतं का, एवढं घरच्यांना दिसतंच. फेसाळ गुलाबी कफ, ओठ निळसर, छातीत धडधड होऊन घेरी, यातलं काही झालं की मग सकाळची वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा.

हीच लक्षणं दुसऱ्या आजारांतही असतात. रक्त फार कमी असणं, न्यूमोनिया, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने आकसलेली हृदयाची झडप. आपल्या देशात हा झडपेचा आजार अजून बराच आहे आणि तो पुष्कळदा गरोदरपणातच पहिल्यांदा उघड होतो. म्हणून नुसत्या अंदाजाने भागत नाही. रक्तातलं बीएनपी, म्हणजे ताणलेलं हृदय सोडतं ते संप्रेरक, वाढलेलं असलं तर हृदयाकडे बोट जातं, पण शेवटचा निवाडा इकोचा. छातीवर गार जेली लावून यंत्राची मूठ फिरवतात. सुई नाही, किरणं नाहीत, पंधरा-वीस मिनिटांचं काम. धाकलीने पडद्यावर आपलं हृदय पाहिलं. म्हणाली, "थकलेल्या माणसान हात हलवचो तसा हलता." त्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनाकडे असतं. त्याच वेळी आईच्या उशांचं सांगावं. आमच्याकडे चौदाव्या दिवशी त्या येऊन गेल्या होत्या आणि आम्ही त्यांना चहा पाजून "सगळं ठीक" म्हणून वाटेला लावलं होतं.

औषधं, दूध आणि काटा

पहिले तीन दिवस ऑक्सिजन आणि शिरेतून फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. पहिल्या रात्रीत किती पाणी गेलं ते नर्सबाईंनी तक्त्यावर लिहिलं होतं, तीन लिटरच्या वर. दुसऱ्या रात्री धाकली एका उशीवर झोपली. आम्हाला वाटलं, बरी झाली. डॉक्टर म्हणाले, "होडीतलं पाणी काढलंय, उपसणाऱ्याचा हात अजून दुखतोयच." होडीचा दृष्टांत मूळचा त्यांचा, मी तो उचलला.

हात बरा करणारी औषधं वेगळी आणि संथ. हृदयाचा वेग आवरून त्याला विसावा देणारी बीटा-ब्लॉकर, रक्तवाहिन्या सैल करून पुढचा अडथळा कमी करणारी एनालाप्रिलसारखी गोळी, आणि स्पायरोनोलॅक्टोन. यांची मात्रा मुंगीच्या पावलांनी वाढवतात. एनालाप्रिलच्या घराण्यातली औषधं पोटात बाळ असताना चालत नाहीत, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. बाळंत झाल्यावर मात्र एनालाप्रिल अंगावर पाजतानाही देता येतं. म्हणून एकीची चिठ्ठी दुसरीने मेडिकलमध्ये दाखवू नये. शिवाय गुठळीची भीती असते. बाळंतिणीचं रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात हृदयात ते रेंगाळायला लागलं तर गुठळी धरते आणि तीच मेंदूत गेली की पक्षाघात. त्यासाठी धाकलीला पोटावर हेपरिनची इंजेक्शनं होती.

सगळ्यात अवघड ठरलं दूध. प्रोलॅक्टिनचा तुकडा विष होत असेल तर प्रोलॅक्टिनच बंद करावं, या विचारातून ब्रोमोक्रिप्टिन हे औषध आलं. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वीस बायकांवर छोटा प्रयोग झाला. हे औषध मिळालेल्या दहा जणींचा सरासरी उपसा सहा महिन्यांत २७ वरून ५८ वर गेला, न मिळालेल्या दहा जणींचा २७ वरून ३६ वर. आकडे डोळे दिपवणारे, पण बायका वीसच. २०१७च्या जर्मन अभ्यासात ६३ जणी होत्या, त्यात आठवडाभर द्यावं की आठ आठवडे एवढंच ताडून पाहिलं, औषध अजिबात न मिळालेला गट नव्हता. उलट अमेरिकेतल्या एका पाहणीत अंगावर पाजणाऱ्या बायका बऱ्या होण्यात मागे पडल्या नाहीत. त्यामुळे युरोपातले डॉक्टर या औषधाकडे जास्त झुकतात, अमेरिकेतले कमी. त्याने दूध आटतं, आणि ते द्यायचं तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबरच द्यावं लागतं. जिथे स्वच्छ पाण्याची खात्री नाही तिथे आईचं दूध तोडणं ही बाळासाठी साधी गोष्ट नाही, हेही डॉक्टर तोलतात.

आमच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि ते औषध द्यावं असं मत दिलं. काकी तिथेच उभी राहून म्हणाली, "पोराच्या तोंडचा दूध काढतलास?" धाकली रडली, मग तिनेच हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी दूध आटून छाती दुखायची थांबली आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी तिचा दम सगळ्यात कमी होता आणि चेहरा सगळ्यात वाईट. हृदयाच्या फायलीत या दिवसाची नोंद नाही.

घरी आल्यावर रेशन दुकानाशेजारच्या वाण्याकडून जुना वजनकाटा आणला. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनवर काट्यावर उभं राहायचं आणि दारामागच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते खाल्लेलं अंगी लागणं नव्हे, ते पाणी. लगेच फोन करायचा. दिवसभराचं पाणी दीड लिटरच्या मापाने, एका पितळी तांब्यात काढून ठेवलेलं. बांगडा गेला, पापड गेले, आगळाऐवजी बिनमिठाच्या सोलांचं पाणी. काकीने मिठाचा डबा फळीच्या वरच्या खणात ठेवला आणि खाली लिंबं.

आकडा कसा चढला

या आजाराची जमेची बाजू ही की हृदयाच्या स्नायूचे दुसरे पुष्कळ आजार हटत नाहीत, हा पुष्कळदा हटतो. उत्तर अमेरिकेतल्या शंभर बायकांच्या पाहणीत वर्षभराने ७२ टक्के जणींचा उपसा ५०च्या वर पोहोचला होता. १३ टक्के जणींचं मात्र वाईट झालं. मृत्यू, हृदयरोपण, यंत्राचा आधार किंवा कायमचं फार दुबळं राहिलेलं हृदय. सुरुवातीचा आकडा ३०च्या खाली आणि त्याच वेळी कप्पा सहा सेंटिमीटर किंवा जास्त फुगलेला, अशा बायकांत त्या वर्षात पूर्ण बरी झालेली एकही नव्हती. धाकलीचा आकडा ३०च्या खाली होता, पण कप्पा फुगलेला नव्हता. ते वाक्य डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं.

दीड महिन्याने ३४. आम्ही हिरमुसलो. सहा महिन्यांनी ४७. वर्षाने ५६. मधल्या गणपतीत मुंबईहून सगळे आले, तेव्हा ती खुर्चीत बसून आरत्या म्हणत होती, आणि "एवढी गोरीगोमटी दिसते, हिला काय झालंय?" असं तिच्या पाठीमागे बोललं जात होतं. बाहेरून बरी दिसणारी बाई आतून ३४वर असू शकते. त्याच दिवसांत तिनेही एकदा गोळ्या सोडून पाहिल्या, आठ दिवस. बरं वाटतंय तर कशाला, म्हणून. बरं वाटत होतं ते गोळ्यांमुळेच. आकडा सुधारल्यावरही गोळ्या केव्हा नि कशा उतरवायच्या हे डॉक्टर ठरवतात, एकेक करून, मधे इको करत. आणि औषधं बंद झाली तरी तपासणी बंद होत नाही.

राहिला तो प्रश्न, जो पुढच्या गणपतीत मोदक वळता वळता तीन वेगवेगळ्या बायकांनी तिला विचारला. दुसरं कधी?

यावर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. हा आजार होऊन पुन्हा गरोदर राहिलेल्या ४४ बायकांचा. ज्यांचं हृदय आधी पूर्ववत झालं होतं त्यांच्यातल्या २१ टक्के जणींना पुन्हा हृदय कमजोर पडल्याची लक्षणं दिसली, पण कोणी दगावलं नाही. ज्यांचं पूर्ववत झालं नव्हतं त्यांच्यात ४४ टक्के जणींना त्रास झाला आणि १९ टक्के दगावल्या. म्हणून आकडा ५०च्या खाली असेल तर डॉक्टर स्पष्ट नको म्हणतात. वर असेल तर नको म्हणत नाहीत, पण 'काही होणार नाही' असंही म्हणत नाहीत. विचार करायचाच तर दिवस राहण्याआधी इको आणि औषधांची फेरबदल, दिवस राहिल्यावर नव्हे. धाकलीचा आकडा ५६, म्हणजे पाचांत एक. तिने मला विचारलं, "ताई, पाच आंब्यातलो एक कुजको आसा सांगितल्यार तू डोळे मिटान उचलशीत?" मी म्हटलं, आंब्याची गोष्ट वेगळी. ती म्हणाली, तेच तर.

गर्भनिरोधनाचं या आजारात आधीच ठरवावं लागतं, पाळी सुरू व्हायची वाट न बघता. माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्याने गुठळीचा धोका वाढतो, म्हणून त्या नकोत. तांबी चालते, आणि तिला पहिली दोन वर्षं तीच होती. मग एका मे महिन्यात आमचे जावई चार दिवसांची सुट्टी टाकून आले आणि स्वतःच नसबंदी करून घेऊन गेले. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, टाक्याशिवायही होतं, दुबळ्या हृदयाच्या बाईला भूल द्यायचा प्रश्नच येत नाही. वाडीत सांगितलं की आंबे काढायला आले होते. चार दिवस ते कलमाखाली खुर्ची टाकून बसले आणि एकही पेटी उचलली नाही, याचं मात्र सगळ्यांना नवल वाटलं. हे लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, लिही, पण गावाचं नाव नको.